सुरी भेट देऊ नका, उसनी द्या

ताई, नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातला, वय २९. घर लोहाराचं. आबा अजून रोज भाता पेटवतात. कोयते, खुरपी, विळे करून देतात, पाजळून देतात. मी कुपवाडच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे. दोन वर्षं झाली, रविवारी आणि रात्री जेवण झाल्यावर ट्रकच्या कमानपाट्यापासून सुऱ्या बनवतो. १४ झाल्यात. बऱ्याचशा स्वयंपाकाच्या, एक मटण तोडायची, दोन शिकारी पद्धतीच्या, एक घडीची. मित्रांना, पाहुण्यांना दाखवल्या की 'लय भारी' म्हणतात. चार-पाच जणांना भेट दिल्या, त्यांनीही 'एक नंबर' म्हटलं. विकत मात्र कुणी घेत नाही. सांगलीतला दुकानदार म्हणाला, "असली सुरी माझ्याकडं दीडशेला आहे, तुझी नऊशेला कोण घेणार?" फोटो टाकले की 'तलवार करून देतो का' म्हणून विचारणारेच जास्त. एकजण मुठीला साबरशिंग देतो म्हणाला. आबांना दाखवली, तर त्यांनी हातात घेतली, 'मूठ फिरती' एवढंच म्हणाले आणि ठेवून दिली. माझं काम खरंच चांगलं आहे का, हे मला कोण सांगणार? आणि गिऱ्हाईक कुठं शोधू?

– एक लोहार, तासगाव तालुका

नमस्कार.

तुमच्या पत्रातले दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. 'मूठ फिरती.' दोन वर्षांत तुमच्या कामावर आलेला खरा अभिप्राय तेवढा एकच आहे, आणि तो पत्राच्या शेवटाकडे आला आहे. आबा गप्प राहिले म्हणून तुम्हाला वाईट वाटलेलं दिसतं. पण ज्या माणसाच्या हातून आयुष्यभर मुठी गेल्या, त्याने तुमची सुरी हातात घेतली आणि क्षणात तिचा दोष सांगितला. आता त्यांनी केलेला कुठलाही कोयता उचला आणि मूठ आडवी कापली तर कशी दिसेल ते बघा. ती गोल नसते, अंडाकृती असते. उसाच्या फडात हात घामाने चिकट झालेला असतो, नजर उसाच्या बुडख्यावर असते, आणि तरी धार कुठल्या बाजूला आहे हे मजुराच्या तळहाताला कळत असतं. ते कळतं या चपट्या आकारामुळे. तुमच्या मुठी बहुधा गोल आणि गुळगुळीत झाल्या असतील, वर पॉलिशही केलं असेल. फोटोत छान दिसतात. ओल्या हातात फिरतात.

'लय भारी' म्हणणारे खोटं बोलत नाहीत. त्यांना तुमचं कौतुक वाटतं, पण त्या सुरीने त्यांनी कांदा चिरलेला नसतो. भेट दिलेल्या सुरीबद्दल तर कुणी वाईट बोलूच शकत नाही. भेटीला नावं ठेवायची नाहीत हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. कराडला आमचं हत्यारांचं दुकान होतं. २२ वर्षं मी तिथे गल्ल्यावर बसले. तक्रार घेऊन परत यायचा तो पैसे मोजून गेलेला माणूस. फुकट नेलेल्या वस्तूची तक्रार एकदाही आली नाही. त्या वस्तू कुठेतरी माळ्यावर पडून असायच्या.

म्हणून यापुढे सुरी भेट देऊ नका, उसनी द्या. चार आठवड्यांसाठी. "वापरा, आणि अमुक तारखेला मी परत न्यायला येणार," असं सांगून. परत घ्यायला गेल्यावर समोरच्याचा चेहरा बघा. लगेच आणून दिली, तर ती वापरातच नव्हती. "अजून थोडे दिवस राहू दे की," म्हणाला, तर तुम्हाला पहिलं गिऱ्हाईक मिळालं.

पण उसनी देण्याआधी एक काम आहे, आणि ते तुम्हाला जड जाईल. त्या १४ सुऱ्यांतली एक मोडा.

अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही १९७६ साली स्थापन झालेली, हाताने पाती घडवणाऱ्यांची संस्था आहे. तिथे पहिली पायरी चढायला परीक्षा असते. स्वतः घडवलेल्या एकाच पात्याने आधी मोकळा लोंबणारा इंचभर जाडीचा दोर एका घावात कापायचा. मग चार इंच रुंद, दोन इंच जाड लाकडी फळी दोनदा तोडायची. एवढं करून त्याच धारेने हातावरचे केस भादरून दाखवायचे. शेवटी ते पातं शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळून काटकोनात वाकवायचं. त्याचे दोन तुकडे होता कामा नयेत. उत्तीर्ण झालेलं पातंही या परीक्षेत वायाच जातं. पोलादाच्या आत काय आहे हे बाहेरून, चकाकीवरून कळत नाही म्हणून ही पद्धत. तुमच्या स्वयंपाकाच्या सुरीला फळी तोडायची गरज नाही, तिचं काम वेगळं आहे. पण एक पातं जुन्या टॉवेलात गुंडाळून शेगड्यात धरा, डोळ्याला चष्मा लावा आणि मोडा. मोडलेल्या जागी पोत राखाडी आणि मैद्यासारखा बारीक दिसला तर तापवणं बरोबर झालंय. रव्यासारखा दाणेदार, चमकणारा दिसला तर पातं गरजेपेक्षा जास्त तापलं होतं, आणि त्याच्या धारेचे कपचे उडत राहणार. मोडलेल्या कडेला आधीचाच एखादा काळा, गंजलेला डाग दिसला तर ती कमानपाट्यातली जुनी चीर. लाखो वेळा वाकून आलेल्या पाट्यात अशा चिरा दडलेल्या असतात. म्हणून विकायच्या सुऱ्यांसाठी भंगारातला पाटा नको, कारखान्यातून कापून उरलेला नवा पाटा किंवा पट्टी घ्या. सगळ्या गाड्यांचे पाटे एकाच पोलादाचे नसतात. एका जातीचा माल मिळाला तर एकदा जमलेली रीत पुढच्या वेळीही जमेल.

आबांच्या आणि तुमच्या कामात इथे एक फरक पडतो, तो त्यांच्याशी बोलून घ्या. ते कोयत्याची फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवत असतील आणि उरलेल्या उष्णतेवर रंग बघून कडकपणा थोडा उतरवत असतील. कोयत्याला ते बरोबर आहे. सुरीचं पातं मात्र पातळ असतं आणि कमानपाट्याचं पोलाद पाण्यात तडकू शकतं, त्याला तेल लागतं. लोहचुंबक चिकटायचं थांबतं ते साधारण ७७० अंशांना. त्याच्या थोडं वर नेऊन, रंग सगळीकडे सारखा झाला की कोमट तेलात बुडवायचं. गार झाल्यावर नवी कानस धारेवर ओढून बघा. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली पाहिजे. मग लगेच २०० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-दोन तास, दोनदा. घासलेल्या जागी वाळल्या गवताचा फिकट सोनेरी रंग आला की थांबा. निळा रंग आला तर धार मऊ झाली. ग्राइंडरवर घासताना टोक निळं पडलं आणि तुम्ही तो रंग पॉलिशने घालवला, तर रंग जाईल, मऊपणा राहील. असं एकदा तरी झालं असेल, आठवून बघा.

शिवाय तुम्ही एमआयडीसीत आहात. बऱ्याच कारखान्यांच्या तपासणी विभागात पोलाद किती कडक आहे ते मोजणारं रॉकवेल मशीन असतं. साहेबांची परवानगी घेऊन दोन पाती तपासून घ्या. ५७ ते ५९च्या आसपास आकडा आला तर सुरीला उत्तम. माणसाच्या स्तुतीपेक्षा तो आकडा तुम्हाला जास्त धीर देईल.

आता गिऱ्हाईक. १४ सुऱ्या आणि इतके प्रकार, यातच तुमची अडचण आहे. घडीची सुरी, शिकारी सुरी हे तुम्ही शिकण्यासाठी केलंत, त्यात गैर काही नाही. पण समोरचा माणूस 'ही माझ्या कामाची' असं एकीबद्दलही म्हणत नाही. दिवसातले आठ तास ज्याच्या हातात पातं असतं असा एक माणूस शोधा आणि त्याच्यासाठी एकच सुरी करा.

तो तुमच्या तालुक्यातच आहे. तासगावच्या द्राक्षबागांत आधी डॉगरिज नावाच्या जातीचे खुंट लावतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरकडे त्यावर पाचर कलमं होतात. कलम बांधणारी माणसं दिवसभर तेच करतात. काडीला दोन तिरके काप द्यायचे, पाचर करायची, खुंटात बसवायची, पट्टी गुंडाळायची. काप सपाट आला आणि सालीखालचा हिरवा थर दोन्हीकडे जुळला तर कलम धरतं. धार बोथट असेल तर काडी कापली जाण्याऐवजी चिरडते आणि डोळा वाळतो. या माणसांना चांगला कलमचाकू म्हणजे काय हे नेमकं ठाऊक असतं. पातं छोटं, सरळ धारेचं. बरेचजण एकाच बाजूने उतार दिलेली धार पसंत करतात, कारण तिचा काप सपाट येतो. मूठ अशी हवी की दुपारनंतर अंगठ्याखाली फोड येऊ नये. चाकू मातीत पडला तर सापडावा म्हणून मुठीवर उठून दिसणारा रंग. ही शेवटची गोष्ट दुकानात एका कलमवाल्यानेच मला सांगितली होती. चाकू बनवणाऱ्याच्या ती सहसा डोक्यात येत नाही. कोकणात आंब्याची कलमं पावसाळ्यात होतात, उरुळी कांचनकडे रोपवाटिकांची रांगच आहे. म्हणजे एका हंगामात तासगावात पटलेली वस्तू पुढे न्यायला जागा आहे.

तेव्हा एकाच नमुन्याचे सहा कलमचाकू करा. मुठीजवळ पंचने १ ते ६ आकडे ठोका. प्रत्येकात एकच गोष्ट बदला. दोनांची मूठ लांब, दोनांची जाड, दोनांच्या धारेचा कोन थोडा जास्त. वहीत लिहून ठेवा आणि सहा वेगवेगळ्या हातांत उसने द्या. घेणारा डावखुरा आहे का हे आधी विचारा, कारण एका बाजूची धार त्याला उलटी लागते.

परत आणायला जाल तेव्हा 'कसा वाटला' असं विचारू नका, 'चांगला आहे' हेच उत्तर येईल. कितव्या दिवशी धार लावावी लागली, हात कुठे दुखला, कुठल्या कामाला हा बाजूला ठेवून जुनाच चाकू घेतला, असं विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत मोलाचं. माणूस बोलत असताना वाद घालू नका, 'तुम्ही असा धरायला पाहिजे होता' तर मुळीच म्हणू नका. प्रत्येक चाकूबरोबर असं समजावून सांगायला तुम्ही जाऊ शकणार नाही; समजावावं लागत असेल तर दुरुस्ती चाकूतच करायची आहे. मुठीवरची झीजही बघा. एका जागी लाकूड काळं, चकचकीत झालेलं असेल तर तिथे बोट रुतत होतं. हात खोटं बोलत नाही.

कलमचाकूत मन रमत नसेल तर दुसरा कठोर परीक्षक कोल्हापुरात बसलेला आहे. चप्पल बनवणारे कारागीर कातडं तासायला रापी वापरतात. रापीच्या धारेबद्दल ते जितकं बोलतील तितकं कुणीच बोलणार नाही. एक दिवस त्यांच्याजवळ नुसतं बसा. विकायला नको, बघायला जा.

स्वयंपाकाच्या सुऱ्या सोडून द्या असं मी म्हणत नाही. तुमच्या सुरीचा दोष मी न बघता सांगते, आणि चुकले तर मला कळवा: ती जाड आहे. कमानपाटा मुळातच जाड असतो. घरी घासणारा माणूस कंटाळून लवकर थांबतो. धारेच्या लगेच वर पातं कागदासारखं नाही, तरी अर्ध्या मिलिमीटरच्या आत यायला हवं. नाहीतर सुरी केस भादरते, पण गाजर चिरताना ते पाचर मारल्यासारखं फुटतं. टोमॅटोवर सगळ्याच नव्या सुऱ्या पास होतात. गाजर, रताळं, कच्चा भोपळा यांवर बघा. पाठीच्या कडा कानशीने गोल करा, कारण आपल्याकडे बायका पाठीवर तर्जनी ठेवून चिरतात आणि तीक्ष्ण कडेने अर्ध्या तासात बोट लाल होतं. मिरजेच्या, सांगलीच्या एखाद्या खानावळीत रोज दहा किलो कांदा चिरणाऱ्या बाईंना ती उसनी द्या. सुरीबरोबर एक चिठ्ठी हवीच: हे स्टेनलेस नाही, लिंबू-कांद्याने काळं पडेल, ते चालतं, ओलं ठेवू नका, पुसून खोबरेलाचं बोट फिरवा. ही चिठ्ठी नसेल तर आठवडाभरात 'गंजकी सुरी दिली' म्हणून बोभाटा होईल.

किमतीचं बोलते. तुमच्या पत्रात वेळ लिहिलेला नाही, पण अशा एका सुरीला नऊ तास सहज जातात. तासाला १२० रुपये मजुरी धरली, तर तिचेच १०८० झाले. कोळसा, घासपट्टे, पितळी रिवेट, लाकूड यांचे १५० धरा. म्हणजे दुकानदाराला महाग वाटलेली ९०० रुपये किंमत तुमच्यासाठी तोट्याची आहे. त्याच्या दीडशेच्या सुरीशी तुमची स्पर्धा नाहीच, ती साच्यातून निघते. पण नऊ तास कुठे जातात ते मात्र बघायला हवं. माझा अंदाज, निम्मा वेळ जाड पाटा घासून पातळ करण्यात आणि आरशासारखी चमक आणण्यात जातो. उतार आबांकडून घणाखाली काढून घेतला तर घासणं कितीतरी कमी होईल, आणि चमक कामाच्या माणसाला नकोच असते. एकदम सहा कलमचाकू घेतले तर एकाला तीन तास पुरतील: मजुरी ३६०, सामान ९०, फुकट गेलेल्या पात्यांसाठी आणि मोफत धार लावून देण्यासाठी ६०. असा ५१० रुपयांना तो घरात पडतो. त्याच्याखाली विकू नका. दुकानात ठेवणार असाल तर दुकानदार शंभरातले पंचवीस-तीस आपले धरणार हे आधीच किमतीत घाला. तेही चुकीचं नाही, त्याला भाडं आहे. मी तरी पहिली पन्नास पाती दुकानात देणार नाही. गिऱ्हाईक काय म्हणतं ते दुकानदारामार्फत तुमच्यापर्यंत पोचत नाही.

वर्षभर धार मोफत लावून देईन, हे मात्र जरूर सांगा. धारेला परत आलेली प्रत्येक सुरी तुम्हाला काहीतरी शिकवून जाते, आणि आणून देणारा बऱ्याचदा शेजाऱ्याची सुरीही घेऊन येतो. आमच्या दुकानात नवीन गिऱ्हाईक सगळ्यांत जास्त याच वाटेने आलं.

तलवार मागणाऱ्यांना सरळ नाही म्हणा. शस्त्र कायदा १९५९चा आणि त्याखालचे नियम २०१६चे. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं त्यात येतात. घरकाम, शेती आणि उद्योगासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. तुमचा कलमचाकू, सुरी, विळा या बाजूला आहेत. तलवार, खंजीर, गुप्ती त्या बाजूला. ही रेघ ओलांडली तर तुमच्याबरोबर आबांच्या भात्यावरही पोलीस येतील. कोयता हातात घेऊन दहशत माजवणाऱ्या पोरांमुळे साधे कोयते विकणाऱ्यांकडेही संशयाने बघितलं जाऊ लागलंय, हे तुम्ही जाणताच. फोटोत पातं नेहमी कामात दाखवा, काडीवर, कांद्यावर, पाटावर. हातात उगारलेलं कधीच नको. तलवार विचारणारे आपोआप कमी होतील. बिलबुकात नाव-गाव लिहून घ्या आणि शाळकरी मुलांना विकू नका. त्या दोन शिकारी सुऱ्या मी तर विकायला काढणारच नाही.

साबरशिंगालाही नकार द्या. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सांबराच्या शिंगाचा व्यापार बंद आहे, आणि 'रानात पडलेलं सापडलं' हे उत्तर तिथे चालत नाही. बाभूळ, खैर, अंजन आपल्याकडे आहेत. बाभळीची मूठ आबांनी आयुष्यभर बसवली आहे, तीच बसवा.

पैशाची थोडी मदत मिळू शकते. १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, लोहारकाम त्यात आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत, आणि पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने. घरातल्या एकालाच नाव नोंदवता येतं आणि तो स्वतःचा धंदा करणारा असावा लागतो. तुम्ही कारखान्यात आहात. म्हणून तुमचं नको, आबांचं नाव नोंदवा. नोंदणी सीएससी केंद्रात होते, तिथे सध्याचे नियम विचारून घ्या. आणि नोकरी इतक्यात सोडू नका. दोन हंगाम तरी.

आता लगेच करायचं ते एवढंच: सहा पाती तयार झाली की मुठी पक्क्या करू नका. लाकूड नुसतं तासून, सुतळीने बांधून आबांच्या हातात द्या. हात आधी ओला करायला सांगा. 'आता फिरती का' एवढंच विचारा, आणि ते जिथे बोट ठेवतील तिथे पेन्सिलीने खूण करा.

– तुमची ताई